आयते शब्द आणि मराठीचे नवे विद्यार्थी

राज्यातील सर्व शाळांत मराठीचे अध्यापन २०२० च्या कायद्याने सक्तीचे झाले. घरी अन्य भाषा बोलणारी मुले आणि परप्रांतांतून शासकीय सेवेत आलेले अधिकारी यांचे मराठी लेखन आज पुष्कळदा वहीऐवजी मोबाईलवरच होते. शब्द रोमन अक्षरांत टंकित करावा, यंत्राने देवनागरी पर्याय पुढे करावेत व त्यांतील एकावर बोट ठेवावे, असा प्रघात पडला आहे.

ही सोय नवशिक्याला महाग पडते. ‘एम-ए-एल-ए’ ही अक्षरे दाबली की मला, माला, माळा, मळा यांपैकी कोणताही शब्द उमटू शकतो. ल की ळ, न की ण, ऱ्हस्व की दीर्घ, हे ठरविणे हाच तर मराठी शिकणाऱ्याचा खरा अभ्यास होय. तो यंत्राकडे गेला म्हणजे शब्द ओळखता येतो, आठवून लिहिता येत नाही. ‘पूल’चे ‘पुलाचा’ हे रूप आयते मिळते. ‘पू’चा ‘पु’ का झाला याची विद्यार्थ्यास गंधवार्ता नसते, आणि उत्तरपत्रिकेत तो ‘पूलाचा’ असे लिहितो. कळफलकाची भाषा चुकून हिंदी राहिली तर घोटाळा वाढतो. लिपी एकच असल्याने तो चटकन ध्यानात येत नाही. ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘कवी’चा ‘कवि’ होतो. शुद्ध लिहिणाऱ्यालाच आपण चुकलो असे वाटू लागते.

सिंचनाच्या सूचनेत पाण्याच्या पाळीऐवजी ‘पाली’ आली तर गावकरी हसून सोडून देतील. परंतु जन्मनोंदीत ‘काळे’चे ‘काले’ झाले, तर दुरुस्तीसाठी खेटे घालण्याची वेळ त्या कुटुंबावर येते.

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाणित केलेला इन्स्क्रिप्ट कळफलक येथे उपयोगी पडतो. त्यात ल आणि ळ एकाच कळीवर आहेत. ळ हवा असल्यास शिफ्टची कळ दाबावी लागते, म्हणजेच लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी निर्णय घ्यावा लागतो. कन्नड वा तेलुगू इन्स्क्रिप्टवर हात बसलेल्या अधिकाऱ्यास ही मांडणी परकी वाटणार नाही.

शिक्षकांनी आठवड्यातून एक-दोनदा शब्दसूचना व आपोआप दुरुस्ती बंद ठेवून श्रुतलेखन घ्यावे, आणि त्याआधी तोच उतारा वहीत लिहवून घ्यावा. दोन्हींतील चुका शेजारी ठेवल्या की कोणता शब्द मुलाचा आणि कोणता यंत्राचा, हे लगेच कळते. हात बसल्यावर सूचना पुन्हा चालू करण्यास हरकत नाही. जाणत्या लेखनिकाचा त्यामुळे वेळच वाचतो.