घरगुती ब्रॉडबँड : प्रकार आणि निवड

आजचे युग हे माहितीचे युग आहे, हे वाक्य आपण वक्तृत्वस्पर्धांत वारंवार ऐकतो. परंतु ती माहिती आपल्या घरात कोणत्या मार्गाने येते, याचा विचार सहसा होत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे फॉर्म भरायचा असो वा वायफाय घ्यायचे असो, "तूच सांग, यातलं चांगलं कोणतं?" असे आईवडील मलाच विचारतात. आपल्यापैकी अनेकांवर अशी वेळ येत असेल. या विषयाला कोणत्याही पेपरात गुण नाहीत. म्हणूनच हा अल्पसा प्रयत्न.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. त्या काळी टेलिफोनवरून डायल करून इंटरनेट मिळे आणि तोवर फोन अडून राही. पुढे २००४ च्या धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगाच्या, सदैव चालू असणाऱ्या कनेक्शनला ब्रॉडबँड म्हटले. जानेवारी २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली.

आता प्रकार पाहू. पहिला डीएसएल. यात टेलिफोनचीच तांब्याची तार वापरतात. एक्स्चेंजपासून घर जितके दूर, तितका वेग कमी. शिवाय पावसाळ्यात जोडात पाणी शिरले की खरखर सुरू होते. दुसरा प्रकार केबलचा. टीव्हीच्या केबलमधूनच इंटरनेट येते. एक लाइन अनेक घरांत वाटलेली असल्याने संध्याकाळी सर्वजण एकाच वेळी बसले की वेग मंदावतो.

तिसरा व सर्वांत भरवशाचा प्रकार फायबरचा. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने माहिती धावते. अशा तंतूने दूरवर संदेश पाठवता येतील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवले. त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या तंतूत वीज वाहत नाही व अंतराने वेग फारसा घटत नाही. मात्र वायर कोपऱ्यात करकचून वाकवली तर प्रकाश गळतो, आणि खोदकामात तुटली तर यंत्राने सांधावी लागते. शिवाय घरातील यंत्र विजेवर चालते. भारनियमन असलेल्या गावी त्यासाठी लहान बॅटरीची सोय हवी.

चौथा प्रकार बिनतारी. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात फाइव्ह-जी आले आणि २०२३ पासून घरावर किंवा खिडकीशी यंत्र बसवून इंटरनेट मिळू लागले. अशा सेवेच्या नावात 'फायबर' असले तरी टॉवरपासून घरापर्यंत तार नसते, हे ध्यानात ठेवावे. टॉवर जवळ असेल तरच ती उपयोगाची.

निवड करताना जाहिरातीतील 'पर्यंत' हा शब्द नीट वाचावा. '१०० एमबीपीएसपर्यंत' म्हणजे जास्तीत जास्त शंभर. नेहमी शंभर नव्हे. तसेच आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून ४० एमबीपीएसच्या कनेक्शनवर सेकंदाला ५ एमबीच उतरतात, आणि एक जीबीची फाइल यायला सव्वातीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. स्पष्ट चित्राच्या एका व्हिडिओला सुमारे ५ एमबीपीएस पुरतात. तिघांनी एकदम पाहिले तरी १५ झाले! चारपाच माणसांच्या घराला ४० पुरेसे असताना ३०० चा प्लॅन घेणे म्हणजे पाटाच्या पाण्याने तुळस शिंपणे होय.

खर्चाचाही हिशेब मांडावा. ५०० रुपयांच्या प्लॅनवर १८ टक्के जीएसटी धरून ५९० होतात, वर्षाचे ७०८०. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही. घरात अभ्यास करणारे एकच असेल तर मोबाइलचा डेटाही पुरतो. तीनचार मोबाइलांचे मोठे रिचार्ज कमी करता येत असतील, तरच तारेचे कनेक्शन परवडते.

पैसे देण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. काच घरात येणार की इमारतीपर्यंतच? ठरावीक डेटा संपल्यावर वेग किती उरतो? राऊटरचे डिपॉझिट परत मिळते का? वायर तुटल्यास किती दिवसांत येता? अनेक ठिकाणी कंपनी मोठी असली तरी वायर ओढणारा व दुरुस्त करणारा माणूस गावातलाच असतो. म्हणून कंपनीच्या नावापेक्षा शेजाऱ्यांचा अनुभव अधिक मोलाचा. तक्रार केल्यास तिचा क्रमांक लिहून ठेवावा. २०१२ च्या नियमांनुसार तिचे निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.

वसतिगृहातील मोबाइलबंदीविरुद्ध एका विद्यार्थिनीने दाद मागितली, तेव्हा २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. हक्क मान्य झाला, तरी बिल मात्र घरालाच भरावे लागते. ते भरताना आपण कशाचे पैसे देत आहोत, हे आईवडिलांना समजेल अशा भाषेत सांगता येणे, हाही आपल्या शिक्षणाचाच एक उपयोग आहे, असे मला वाटते.

— द्वितीय वर्ष, कला शाखा