मे महिन्यातला मांडव

आमचं घर देवासचं. पुण्याहून कुणी आलं की मांडव दाखवायचाच, हा घरचा रिवाज. मे महिन्यात मावशीला तसंच नेलं. सकाळी आठला निघालो, धारला चहापाण्यात वेळ गेला, आणि जहाज महालापाशी पोचेपर्यंत बारा वाजत आले. इथेच चुकलं.

मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधोमध हा लांबलचक महाल. तलाव भरलेले असले की तो पाण्यावर तरंगतोय असं वाटतं. त्या दिवशी पाणी पार तळाला गेलं होतं, काठाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. मावशी बराच वेळ गप्प उभी राहिली.

गच्चीवर दगडात कोरलेली नागमोडी पन्हळ आहे. बोट लावलं तर चटका बसला. आत वाळका पाला अडकलेला. पाणी या वळणांतून फिरत हौदात उतरायचं, वेग मोडायचा, गाळ मागे राहायचा. मांडव डोंगरमाथ्यावर वसलेलं, वर नदी नाही. साऱ्या शहराची तहान साठवलेल्या पावसावर. पावसाळ्यात इतक्यांदा येऊनही हे मला कधी उमगलं नव्हतं. कोरड्या मांडवाने तेवढं शिकवलं, हे कबूल करायलाच हवं.

पण रूपमती मंडपाच्या चढावर मावशीला भोवळ आली. जवळ पाण्याची एकच बाटली, तीही तापलेली. रस्त्याकडेला गोरखचिंचा विकणाऱ्या बाईंनी तिला सावलीत बसवलं, आंबट गर चोखायला दिला, आपल्या मडक्यातलं पाणी पाजलं. वरून नर्मदा दिसते म्हणून नेत होतो. धुरळ्यात तीही दिसली नसती.

तेव्हा सुट्टी उन्हाळ्यातच मिळत असेल तर आदल्या रात्री मांडवला मुक्काम करा. या दिवसांत जेवणाची सोय होईलच असं नाही, आधी फोन करून विचारा. जहाज महाल आणि हिंदोळा महाल दहाच्या आत उरका, रूपमती मंडप उन्हं कलल्यावर. माणशी दोन बाटल्या पाणी, शिवाय मीठ-साखर. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म धारच्या किल्ल्यातला, 1775 चा, त्यामुळे आपल्या लोकांना तिथली ओढ असते. पण तोही उघड्यावर आहे, भरदुपारी नको. म्हाताऱ्या माणसांना तर मे महिन्यात नेऊच नका.

मावशीला श्रावणात पुन्हा बोलावलं. मुंज तलाव भरला होता, गच्चीवरच्या त्याच पन्हळीत पावसाचं पाणी साचलं होतं. तिने त्यात हात बुडवला. मात्र श्रावणात शनिवार-रविवारी गर्दी उसळते. मधला वार गाठा, आणि घाटात धुकं उतरतं म्हणून गाडी दिवसाउजेडीच वर न्या.