भात उरला तर

हे बघ माये, आता नव्या घरचा सयपाक तुझ्या हातात आलाय, म्हणून भाताचं तेवढं नीट सांगते. आपल्या भंडाऱ्यात दोन्ही वेळा भात लागतो. रोवणीच्या दिवसांत तर सकाळीच मोठा गंज चढतो आणि उरलेल्या भाताला रात्री फोडणी पडते.

शिळं खळखळून गरम केलं की झालं, असं तुला सगळ्याच सांगतील. भाताच्या बाबतीत ते खरं नाही गं. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते उकळीलाही दाद देत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष फोडणीच्या कढईतही टिकतं. त्याला ना वास, ना चव. 1970 च्या दशकात ब्रिटनमधल्या चिनी उपाहारगृहांत रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी परतून वाढायचे, तो खाऊन काही तासांतच लोकांना उलट्या सुरू झाल्या होत्या.

म्हणून भात निवतो कसा, तिकडे लक्ष दे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, कारण 5 ते 60 अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा तू एकच तास धर. उरलेला भात गंजात झाकून ठेवू नकोस, मधला भात कितीतरी वेळ ऊनच राहतो. परातीत पातळ पसर, वर जाळी ठेव, वाफ गेली की लहान डब्यांत भरून फ्रिजमध्ये टाक. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच डबा काढ, मधूनही वाफ येईपर्यंत गरम कर, आणि एकदाच. वीज बेभरवशाची असेल तर मोजूनच रांध. रोवणीच्या शिदोरीला भाकर, सुकी चटणी आणि कांदा बरा.

भाताखेरीज आणखी दोन गोष्टी सांभाळ. मासोळी साफ केलेल्या विळीवर तशीच सांबार चिरू नकोस, आधी साबणाने धू. बोटाला जखम असेल तर पट्टी बांधून, झाकूनच अन्नाला हात लाव. जखमेतल्या जंतूंचं विषही उकळून जात नाही.

एवढं करूनही कोणाला उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस घोट-घोट पाजत राहा. शौचात रक्त दिसलं, लघवी कमी झाली, लेकरू मलूल पडलं, तर वाट न पाहता आरोग्य केंद्रात ने.

धान पिकवणाऱ्या घरात भात टाकणं जिवावर येतं, मला ठाऊक आहे. सासूबाई रागावतीलही. तेव्हा वाद घालू नकोस, त्यांना शांतपणे हे सगळं सांग. पण रात्रभर बाहेर राहिलेला भात लेकरांच्या ताटात वाढू नकोस, आणि दुसऱ्या दिवशी तांदूळ धुताना एक मूठ कमी घे.