डबा परत येतो, हे ऐकून

चि. मुग्धा हिस,


काल वहिनीचा फोन आला. तू एक तारखेला राजीनामा देणार म्हणतेस, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खोलीत दिवा असतो आणि डबा तसाच परत येतो. डब्याचं ऐकलं आणि माझ्या पोटात धस्स झालं.

तुझ्या कालव्याच्या आराखड्यावर साहेबांनी स्वतःचं नाव घातलं; गोपनीय अहवालात बैठकीत माना डोलावणाऱ्यांना 'अत्युत्कृष्ट' आणि तुला नुसतं 'चांगला'. अन्याय आहेच. पण शेरा हातात पडून पंधरवडा झाला आणि तू एक ओळ लिहिली नाहीस, याचा मला राग आला. आमच्या वेळी फक्त प्रतिकूल शेरे कळवत. 'चांगला' या शब्दावर बढती अडते, हे अडल्यावरच समजायचं. सीमा रस्ते संघटनेतले अभियंता देव दत्त याच शब्दावर अडले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2008 साली निकाल लागला : प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवायचा आणि त्यावर अभिवेदन करू द्यायचं. तुझ्या हातात तो कागद आला त्यामागे एका माणसाची एवढी वर्षं आहेत. तो उशाखाली ठेवू नकोस. मसुदे, तारखा, ईमेल जोड आणि अभिवेदन दे. त्यानंतर नोकरी सोडलीस तर मी अडवणार नाही.

अशाच वेळी मी गप्प बसले होते गं. त्या भाऊबीजेला आमच्या साहेबांनी स्वतःच्या सत्काराचं भाषण लिहायला मला थांबवून घेतलं. मला नाही म्हणता आलं नाही. दादा उपाशी बसून राहिला. तू सात वर्षांची. निरांजन विझू नये म्हणून हाताचा आडोसा धरून बसली होतीस. मी रात्री आले ती तुझ्यावरच खेकसले. तू हात मागे घेतलास आणि ज्योत गेली. तुला आठवत नसेल, पण मी ते विसरलेले नाही.

म्हणून डब्याचं पुन्हा विचारते. दुपारी कुणाबरोबर बसतेस? की बसतच नाहीस?

रागावले, मनाला लावून घेऊ नकोस. शनिवारी सकाळच्या एसटीने येते, गूळपोळ्या घेऊन. अभिवेदन दोघी मिळून लिहू. ती भाषा मी तीस वर्षं लिहिली आहे. त्या दिवशी लिहावंसं वाटलं नाही, तर नुसतं जेवू.

तुझी,
आत्या