धम्मदूताचे पौर्णिमेचे भोजन

वैशाख पौर्णिमा आली की आपल्या चाळींतून खिरीची पातेली शेगडीवर चढतात. उरुवेलेत सुजाताने बोधिसत्त्वाला दिलेल्या खिरीची ती आठवण होय. परंतु घर व देश सोडून धम्मप्रचारासाठी परमुलुखात राहणारा भिक्खू हा सण कसा साजरा करतो, त्या दिवशी काय जेवतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. आम्हीही केला नव्हता.

काही वर्षांपूर्वी आमच्या परळच्या मंडळाने बुद्धजयंतीस एका सिंहली भिक्खूंना निमंत्रण दिले. अध्ययन व धम्मकार्य यांसाठी ते मुंबईत राहत होते. दहाचा कार्यक्रम अकराला सुरू झाला. प्रास्ताविक, हारतुरे, पाहुण्यांची भाषणे यांत एक वाजून गेला. मग आम्ही मोठ्या आदराने खिरीची वाटी भन्तेंपुढे धरली. त्यांनी हसून नकार दिला व फक्त पाणी घेतले. मध्यान्ह टळली होती. सणाच्या दिवशी, स्वदेशापासून दूर, आमचे पाहुणे आमच्याच दिरंगाईमुळे उपाशी राहिले. त्यांनी तक्रारीचा शब्दही काढला नाही, त्यामुळे आम्हाला अधिकच लाज वाटली.

यातील नियम असा. मध्यान्हीनंतर दुसऱ्या दिवसाच्या अरुणोदयापर्यंत भिक्खूने जेवायचे नसते. त्या काळातील जेवणाला विकाल भोजन म्हणतात; अष्टशीलातील सहावे शील याच संबंधीचे आहे. अन्न हाती दिल्याशिवाय भिक्खू घेत नाही व उद्यासाठी साठवीत नाही. दुपारनंतर आंबा, जांभूळ अशा फळांचा गाळलेला रस चालतो, खीर चालत नाही. म्हणजे सणाचे पक्वान्न त्याला स्वतः रांधून खाता येत नाही. लोक देतील ते, आणि वेळेवर देतील तरच.

हा नियम धम्मदूताला अडचणीचा वाटेल. इतिहास मात्र वेगळे सांगतो. सम्राट अशोकाच्या काळी, तिसऱ्या संगीतीनंतर, मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी निरनिराळ्या प्रदेशांत भिक्खू पाठविले, असे महावंस सांगतो. महेंद्र थेर लंकेला गेले. ज्येष्ठ पौर्णिमेस मिहिंतलेच्या डोंगरावर त्यांची व राजा देवानंपिय तिस्स याची भेट झाली. दुसऱ्या दिवशी अनुराधपुरात राजाने त्यांना स्वतःच्या हाताने वाढले. परक्या देशातील त्यांचे पहिले जेवण ते त्या देशाचेच अन्न होते. मिहिंतले येथे पुढे झालेल्या विहाराच्या भोजनशाळेचे अवशेष असून भात व पेज यांसाठीच्या मोठ्या दगडी द्रोणी तेथे आजही दिसतात. वैशाख व ज्येष्ठ पौर्णिमेस लंकेत रस्तोरस्ती येणाऱ्या-जाणाऱ्यास मोफत अन्न देतात, त्याला दन्सल म्हणतात.

आपला प्रांतही यातून सुटलेला नाही. त्याच वेळी महाधम्मरक्खित थेर महाराष्ट्रात, तर यवन, म्हणजे ग्रीक, असलेले धम्मरक्खित थेर अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत आले. अपरान्ताचे मोठे बंदर सोपारा, आजचे नालासोपारा. तेथील स्तूप 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. आत एकात एक ठेवलेले करंडक होते व सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे 13 तुकडे. भगवंतांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते पुजले गेले असावेत, असे पंडितजींचे मत होते. सोन्याच्या आत जपून ठेवले ते साधे मातीचे जेवणाचे भांडे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

अगदी अलीकडचे उदाहरण तर आपल्या घरचेच. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे पूज्य चंद्रमणी महास्थविर हे जन्माने ब्रह्मदेशातील आराकानचे. कुशीनगरात ते कित्येक दशके राहिले, ते इथल्याच लोकांनी दिलेल्या अन्नावर.

यावरून आमच्या ध्यानात आले ते असे. धम्मदूताचा सण त्याच्या मायदेशाच्या पदार्थात नसतो, देणाऱ्याच्या हातात असतो. देणारा चुकला तर सण चुकला.

पुढच्या वर्षी आम्ही भन्तेंना आधीच विचारून घेतले. काही भिक्खू घड्याळाचे बारा ही मर्यादा पाळतात, काही सूर्य माथ्यावर येईपर्यंतची वेळ धरतात. मे महिन्यात मुंबईत ती साडेबारानंतर येते. भन्ते बारा मानीत. त्यांच्याकडे सणाला किरिबत करतात, म्हणजे नारळाच्या दाट दुधात शिजवलेला भात; तो थापून शंकरपाळ्यासारखा कापतात व तिखटाबरोबर खातात. चाळीतल्या भगिनींनी सकाळी सातालाच नारळ खवायला घेतले. सव्वाअकराला भन्तेंच्या पात्रात किरिबत, आपली खीर व मिरचीचा ठेचा एकत्र वाढला. ठेच्याबरोबर किरिबत खाताना ते म्हणाले, हे आमच्या आईच्या हातच्यासारखे नाही, पण आज पौर्णिमा आहे हे कळले. भाषणे जेवणानंतर झाली आणि ती कोणाला लांबली असे वाटले नाही.

आम्ही बँकेत नोकरी करणारी माणसे. खिडकी बंद झाल्यावर आलेल्या खातेदाराला आम्ही उद्या या म्हणून सांगतो. भिक्खूला दुपारनंतर वाढलेल्या खिरीचेही तसेच आहे, भावना कितीही शुद्ध असो. तेव्हा यापुढे मंडळांनी कार्यक्रमपत्रिका छापताना भोजनदानाची वेळ सर्वांत आधी लिहावी, भाषणांची त्यानंतर. पाहुणे परदेशातून आलेले असतील, तर त्यांच्याकडे पौर्णिमेला काय रांधतात, हेही एकदा विचारावे.