लादी कापताना उडणारी धूळ आणि ती पकडणारी करवत

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला बाकीचे ग्रुप रोबो आणि ड्रोनच्या मागे होते आणि आम्ही चौघांनी विषय घेतला लादी कापायच्या यंत्राचा. "इंजिनिअर होणार की मिस्त्री?" हे मेसमध्ये बरेच दिवस ऐकून घेतले.

विषय सुचला तो पावण्यात. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या पावणे एमआयडीसीत एका गाळ्यात आमचे ट्रेनिंग चालू होते आणि तिथल्या पोटमाळ्यावर नवीन टाइल्स बसत होत्या. मिस्त्री काका जालन्याकडचे, हाताखाली त्यांचा पुतण्या. काका चार इंची कटर चालवायचे आणि पुतण्या बिसलेरीच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पात्यावर पाण्याची बारीक धार धरायचा. बाटली संपली की काम तसेच कोरडे चालू. पाच मिनिटांत पोटमाळा पांढरा! मी म्हटले, "काका, तोंडाला काहीतरी बांधा की." ते म्हणाले, "रुमाल बांधतो ना कधी कधी. पण दम लागतो बाळा, अन् चष्म्यावर वाफ धरते. इतकी वर्षं झाली, काय होतंय?"

काय होते, ते आधी पाहू. यंत्राकडे मग वळू.

पावण्याच्या मागे पारसिकचा डोंगर आहे. काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. या दगडाचे रासायनिक पृथक्करण केले तर जवळपास निम्मा भाग सिलिका निघतो. पण ती सिलिका फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांत बांधलेली असते, मोकळे क्वार्ट्झ फारच कमी. (डोंगर फोडताना पोकळीत कधी स्फटिक सापडतात ती गोष्ट वेगळी.) याउलट आपल्या बाथरूमची गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल घ्या. ती माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ एकत्र दळून, दाबून, भट्टीत भाजून केलेली असते आणि भाजल्यावरही क्वार्ट्झचा बराच भाग न वितळता तसाच राहतो. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव ते एक तृतीयांश क्वार्ट्झ असते. शुद्ध संगमरवर मात्र मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे डोळ्यांना सारखीच दिसणारी पांढरी धूळ फुप्फुसाच्या दृष्टीने अगदी वेगळी असू शकते. खाणीची धूळ निरुपद्रवी असे मला म्हणायचे नाही, पण लादीच्या धुळीला आपण जे हलके समजतो ते चूक आहे.

क्वार्ट्झचे बारीक कण फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचले की शरीरातल्या पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरतात, कण मोकळे होतात, पुन्हा दुसऱ्या पेशी गिळतात. या झटापटीत फुप्फुसात गाठी आणि व्रण तयार होतात. हाच सिलिकोसिस. साधारणपणे दहा किंवा जास्त वर्षांनी दिसतो, धूळ फार असेल तर पाच-दहा वर्षांतही. त्यावर बरे करणारे औषध नाही, आणि क्षयरोगाचा धोका वाढतो तो वेगळाच. काकांच्या "इतकी वर्षं झाली" या वाक्यातली गोम इथे आहे. या रोगाला वर्षेच लागतात. राजस्थानात, जिथून दगडकाम करणारे कितीतरी कारागीर आपल्याकडे येतात, सरकारला २०१९ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण करावे लागले. ऑस्ट्रेलियाने तर किचन ओट्याच्या कृत्रिम दगडावरच (त्यात क्वार्ट्झ ९० टक्क्यांच्या आसपास असू शकते) १ जुलै २०२४ पासून बंदी घातली.

आता थोडे गणित, कारण शेवटी हा इंजिनिअरिंग कॉलेजचा अंक आहे. ६०० मिमी लांबीचा एक काप, लादीची जाडी ९ मिमी, पात्याची चीर दीड मिमी. आकारमान झाले ८.१ घन सेंमी. घनता २.३५ धरली तर एका कापात १९ ग्रॅम लादीची भुकटी होते. त्यातला एक टक्का जरी श्वासातून आत जाण्याइतका बारीक धरला, तरी १९० मिलिग्रॅम. बाथरूम ३ बाय २ मीटर, उंची अडीच, म्हणजे १५ घनमीटर हवा. एका घनमीटरला जवळजवळ १३ मिलिग्रॅम पडले. भुकटीत २० टक्के क्वार्ट्झ धरू. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टातले सूत्र असे: १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २). म्हणजे १० भागिले २२, ०.४५ मिलिग्रॅम. आपण त्याच्या २८ पट वर. अमेरिकेच्या ओशा या खात्याने २०१६ मध्ये ठरवलेली क्वार्ट्झची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे, त्या हिशेबाने पन्नास पट. या मर्यादा आठ तासांच्या सरासरीच्या असतात आणि एक टक्का हे आमचे गृहीतक आहे, हे मान्य. पण मिस्त्री दिवसात एकच काप घेतो असेही नाही.

"धूळ बसू दे, मग आत जाऊ" हेही तपासून पाहा. स्टोक्सचा नियम लावला तर क्वार्ट्झचा ५ मायक्रॉनचा कण शांत हवेत सेकंदाला २ मिमी खाली येतो. नाकाच्या उंचीपासून, दीड मीटरवरून, जमिनीवर यायला बारा-तेरा मिनिटे. २ मायक्रॉनच्या कणाला सव्वा तास. १ मायक्रॉनच्या कणाला साडेचार-पाच तास, तेही पंखा बंद आणि कोणी हालचाल करत नसेल तर. जी धूळ फरशीवर बसलेली दिसते ती तुलनेने बिनधोक. खरी धोक्याची दिसतच नाही, ती अजून हवेत असते.

मग पाणी का नको? पाणी चांगलेच आहे, आणि ओशाच्या तक्त्यात टेबलावरच्या दगड-करवतीसाठी पाण्याचीच पद्धत दिली आहे. कोरडे कापायचे तर हवेतली धूळ मोजून मर्यादेत आहे हे दाखवावे लागते. पण राहत्या इमारतीत पाण्याच्या अडचणी आहेत. बाटलीच्या धारेने पाणी कधी पात्यावर पडते, कधी मोटरवर. २३० व्होल्टचे यंत्र, ओली फरशी, अनवाणी पुतण्या आणि वायरला तीन जोड: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर हे दृश्य मला धुळीपेक्षा भीतीदायक वाटते. शिवाय चिखल नहाणी ट्रॅपमध्ये जाऊन बसतो, आणि जो फरशीवर राहतो तो दुसऱ्या दिवशी वाळून पुन्हा धूळच होतो.

म्हणून तिसरा मार्ग: कोरडे कापायचे, पण धूळ जन्मते तिथेच ओढून घ्यायची. परदेशात आयक्यू पॉवर टूल्ससारख्या कंपन्या धूळ ओढणारी यंत्रणा पोटातच असलेल्या टाइल करवती विकतात. आम्ही नेहमीचाच चार इंची कटर घेतला, तो दोन रुळांवर सरकणाऱ्या गाड्यावर बसवला, पात्याभोवती पत्र्याचे झाकण आणि कडेने ब्रशची झालर लावली. टेबलाखाली सायक्लोन, त्यापुढे फिल्टर, आणि सर्वांत शेवटी पंखा. सायक्लोनचा शंकू पावण्यातल्याच पत्राकाम करणाऱ्या कारागिरांनी वळवून दिला. ड्रॉइंग हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "जोड आतून गुळगुळीत पाहिजे ना?" असा. हे आमच्या ड्रॉइंगमध्ये लिहिलेले नव्हते, त्यांना न सांगता कळले होते.

झाकण एवढे जवळ का? एक प्रयोग करा. मेणबत्ती हातभर लांबून फुंकून विझवता येते. तीच तेवढ्या लांबून श्वास आत ओढून विझवून दाखवा! ओढलेली हवा सगळ्या बाजूंनी येते, म्हणून नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतके लांब गेले की वेग दहाव्या हिश्शाहूनही कमी उरतो. उलट पात्याची कड बघा: ११० मिमी व्यास, मिनिटाला १२,००० फेरे, म्हणजे सेकंदाला ६९ मीटर, ताशी सुमारे २५० किलोमीटर. या वेगाने सुटलेल्या धुळीमागे कोपऱ्यात ठेवलेला व्हॅक्यूम क्लीनर धावू शकत नाही. पाते लादीतून जिथे बाहेर येते, झोत तिथून सुटतो. शोषणाचे तोंड बरोबर तिथेच हवे, आणि पाते आरपार जात असेल तर टेबलाच्या खाचेखालीही.

हवा किती ओढायची? आवरण लावलेल्या हाताच्या ग्राइंडरसाठी ओशाचा नियम आहे: चाकाच्या दर इंचाला मिनिटाला २५ घनफूट, आणि ९९ टक्के पकडणारा फिल्टर. आम्ही तोच आधार धरला. चार इंचाला १०० घनफूट, म्हणजे ताशी १७० घनमीटर. ५० मिमीच्या नळीतून ही हवा सेकंदाला २४ मीटरने जाते, त्यामुळे भुकटी वाटेत बसत नाही. जाड नळी घेतली असती तर वेग कमी होऊन नळीच तुंबली असती. सायक्लोनमध्ये हवा २० मीटर वेगाने १० सेंमी त्रिज्येवर फिरली की कणावरचे केंद्रोत्सारी बल त्याच्या वजनाच्या चारशे पट होते. जाड भुकटी भिंतीला घासत खालच्या डब्यात पडते आणि फिल्टरला फक्त बारीक कणांचे काम उरते. सायक्लोन नसेल तर फिल्टर थोड्याच कापांत भरतो, हवा कमी होते आणि झाकणातून धूळ बाहेर येऊ लागते. कापणाऱ्याला वाटते यंत्र चालू आहे, कारण आवाज तर येतोच आहे. म्हणून फिल्टरच्या दोन्ही बाजूंना पाण्याची एक यू-नळी जोडा. पातळीतला फरक वाढला की फिल्टर झटकायची वेळ झाली.

यंत्र किती धूळ पकडते हे मोजायची सोपी पद्धत वजनाची. लादीचे आधीचे वजन, कापल्यावर सर्व तुकड्यांचे वजन, आणि डब्यात व फिल्टरमध्ये जमलेली भुकटी. पण या पद्धतीवर भाळू नका. वजनाने ९८ टक्के पकडले म्हणजे जाडी भुकटी पकडली, आणि निसटलेले २ टक्के नेमके सर्वांत बारीक असू शकतात. वरच्या हिशेबातली बारीक धूळ ९० टक्के पकडली तर हवेत १.३ मिलिग्रॅम राहते, मर्यादेच्या तिप्पट. ९९ टक्के पकडली तर ०.१३. नव्वद आणि नव्व्याण्णव यांत परीक्षेत नऊ मार्कांचा फरक असतो, इथे दहा पटींचा आहे. त्यामुळे यंत्र असले तरी बंद खोलीत एन-९५ मास्क हवाच, नाकावर नीट बसलेला. रुमाल आणि गमछा यांचा उपयोग घाम पुसायला.

चालवताना लक्षात ठेवायच्या गोष्टी फार नाहीत. पाते कोरड्या कामाचेच घ्यावे, सलग कडेचे आणि पातळ. 'फक्त पाण्यासह' असे लिहिलेले पाते कोरडे चालवले तर तापून वाकते, आणि साधारण ७०० अंशांपुढे हिरासुद्धा हवेत जळू लागतो. आधी पंखा, मग कटर. थांबवताना आधी कटर, आणि पंखा आणखी अर्धा मिनिट. हाताचा जोर लावू नये, गाड्याच्या वजनाने पाते जेवढे पुढे जाईल तेवढेच जाऊ द्यावे. कापाच्या सुरुवातीला आणि शेवटी झाकण अर्धे लादीबाहेर असते आणि धूळ तिथेच निसटते. यावर उपाय म्हणजे लादीच्या पुढे-मागे त्याच जाडीचा भंगार तुकडा चिकटून ठेवायचा. कडक लाद्यांवर पाते गुळगुळीत होऊन ठिणग्या काढू लागले तर मऊ विटेत दोन-चार काप घ्या, नवे हिरे उघडे पडतात. कटर आणि पंखा मिळून २४०० वॉट, म्हणजे साडेदहा अँपिअर. खोलीतल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर हे लावून रेक्टर सरांना अंधारात बसवू नये.

आणि सरळ काप असेल तर करवत हवीच कशाला? रेघ मारून तोडणारा हँड कटर जवळजवळ धूळच करत नाही. काकांनी हे आम्हाला एका वाक्यात सांगितले: "आधी मधली रेघ नीट धर, कापच निम्मे होतात." कोपरे, नळाची भोके, एल आकार एवढ्यासाठीच करवत राखून ठेवावी.

डबा रिकामा करणे हा सर्वांत दुर्लक्षित भाग. तीन दिवसांची पकडलेली धूळ एका झटक्यात पुन्हा उडवता येते. डब्यात आधीच प्लास्टिकची पिशवी लावा, तोंड आतच बांधा, मग बाहेर काढा. झाडू नाही, ब्लोअर तर अजिबात नाही, ओले फडके. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामाच्या धुळीसाठी जी नियमावली काढली, तिच्यातही कापणे-घासणे बंदिस्त जागेत करा असे म्हटले आहे. पण ती शहराच्या हवेसाठी. बंदिस्त जागेत जो माणूस बसला आहे त्याच्या हवेचे काय, ते पात्याजवळच सोडवावे लागते.

आमचे यंत्र सध्या वर्कशॉपच्या शेडमध्ये, शेपिंग मशीनच्या मागे झाकून ठेवले आहे. दिवाळीच्या सुट्टीत बी विंगच्या बाथरूमच्या लाद्या निघणार आहेत असे कळते. मिस्त्रींनी ते वापरायला वर्कशॉपच्या सरांची हरकत नाही. ते १६ अँपिअरच्या प्लगवर लावायचे, यू-नळीत लाल खुणेपर्यंत पाणी भरायचे, आणि परत ठेवताना फिल्टर शेडबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, मास्क लावून झटकायचा. जादा पिशव्या टेबलाच्या खणात आहेत.