जुनी डिझेल गाडी आणि तिचा फिल्टर

जुनी डिझेल गाडी घेणार असाल तर ट्रायल दसरा चौक ते रंकाळा अशी घेऊ नका. वाघबिळापासून पन्हाळ्यापर्यंत चढवा. सपाटीवर फिल्टर तुंबलेला कळतच नाही. चढावर इंजिनाला जास्त डिझेल लागतं, तेवढं तुंबलेल्या फिल्टरमधून येत नाही, आणि गाडी ओढेनाशी होते. माझी गाडी साखरप्याहून आंबा घाट चढताना अशीच दम सोडू लागली, तीही मागून ट्रक येत असताना. विकणाऱ्यानं ‘सगळी सर्व्हिसिंग झालीय’ असं छातीठोक सांगितलं होतं.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी फिल्टर काढून त्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत ओतलं. ‘काका, जरा थांबा, आता बघा.’ पाणी डिझेलपेक्षा जड. थोड्याच वेळात तळाला त्याचा थर दिसला, त्यात तांबूस गाळ. फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवा डॅशबोर्डवर लागायला हवा होता, पण सेन्सरची पिनच कुणीतरी काढून ठेवलेली. या गोष्टीचा मला आजही राग येतो.

आपल्याकडे तर हे तपासायलाच हवं. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ लाही पूर आला. पुरात न सापडलेल्या गाडीची टाकीही कायम अर्धी राहिली, तर दमट हवेतलं पाणी आत साचतं. म्हणून बाटलीत गाळ दिसला तर आधी टाकी उतरवून धुवा, नाहीतर नवा फिल्टरही लगेच तुंबेल.

बसवताना शेजारी उभे राहा. रबरी रिंग नवीच हवी. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबून हवा काढायची. नुसता स्टार्टर मारत राहिलं तर बॅटरी उतरते आणि डिझेलवरच वंगण मिळणारा पंप कोरडा फिरतो. जुन्या इंजिनांच्या सवयीनं कुणी इंजेक्टरचा पाइप सैल करून हवा काढायला निघालं, तर थांबवा. कॉमन रेल इंजिनात तिथला दाब हजार बारच्या वर जातो, उडालेली धार कातडीत शिरते.

गाडी चालू झाली की फिल्टरभोवती डिझेल पाझरतंय का ते कापड फिरवून बघा, आणि सेन्सरची पिन स्वतः लावून घ्या.